हलकी स्प्रिंग

९ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. तुझ्या वहिनीने शिवणकामाच्या कात्रीने खोकं उघडलं आणि मग कात्री बोथट झाली म्हणून मलाच सुनावलं. चार्जर छान आहे. पहिल्या दिवशी आम्ही दोघं त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसलो होतो, दूध उतू जाईल म्हणून बसतात तसे. तू लिहिलंस त्याप्रमाणे बॅटरी उघड्या फरशीवर ठेवतो, आसपास कापडाची चिंधीसुद्धा नसते, आणि चार्जिंग चालू असताना जागचा हलत नाही. एवढं लक्ष मी शाळेत दिलं असतं तर आज कुठल्या कुठे असतो.

आता एक मागणं आहे. ही रिमोटवरची खेळण्यातली गाडी फार पळते. मोटरच्या टोकाला जे छोटं दातेरी चक्र असतं, त्याच्याऐवजी कमी दातांचं पाठव. म्हणजे वेग उतरेल ना? तू हसशील. सगळं जग गाडी जोरात पळावी म्हणून भाग मागवतं आणि हा ती रांगावी म्हणून मागतोय. पण डेपोमागच्या आवारात एका बाजूला कठडा आहे. परवा गाडी त्याच्यावर आदळली आणि पुढच्या चाकाचा हात तुटला. तुटलेला तुकडा सोबत पाठवतोय, तसाच दुसरा दे.

फोनचं म्हणशील तर आमच्या घरात रेंजचं काही खरं नाही. त्यापेक्षा पत्र बरं. पार्सलबरोबर येतं, पुन्हा वाचता येतं.

तुझा,
दादा

२१ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास सा. न.

चक्र पाठवलंय. चाकाचा हातही पाठवलाय, एक जास्तीचा. पण मनापासून सांगतो, तू उलट्या दिशेने चालला आहेस. मी मॉडेलच्या दुकानात उभा असतो, रोज लोकांना हेच शिकवतो. तुझी जुनी मोटर काढ आणि नवी, जास्त जोराची ब्रशलेस मोटर बसव. बॅटरी दोन सेलची आहे ती तीन सेलची घे. मग गाडी काय पळते ते बघ. कठड्याचं म्हणशील तर ट्रिगर जरा आधी सोडायचा. बोट हळूहळू उचलायचं, झटक्यात नाही. सवयीचा भाग आहे.

वेग कमी करा म्हणणारं गिऱ्हाईक मी दुकानात एकदाच पाहिलं. त्या बाई सात वर्षांच्या नातवासाठी आल्या होत्या.

आणि रेंजचं मला सांगू नकोस. मागच्या वर्षी त्याच घरातून तू मला तासभर क्रिकेट ऐकवलं होतंस. अख्ख्या बसस्थानकाला कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगणारा माणूस, आणि भावाशी फोनवर दोन शब्द बोलायला त्याला रेंज नाही. रविवारी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वहिनीने उचलला आणि तिन्ही वेळा तू आंघोळीला गेला होतास. एवढा स्वच्छ कधीपासून झालास?

तुझा,
बारक्या

१७ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद.

चक्र बसवलं. आता बरी चालते, पोटुशी बाई चालते तशी, जपून.

घरी आल्यावर बोलायचा कंटाळा येतो रे. दिवसभर त्या भोंग्यात ओरडून घसा बसतो. तू मनाला लावून घेऊ नकोस.

अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, रिमोटच्या ट्रिगरची स्प्रिंग फार कडक आहे. हलकी मिळते का? की काढूनच टाकली तर चालेल? दुसरं, बॅटरीचा प्लग इतका घट्ट का बनवतात? चार्ज करायला काढताना जीव जातो. परवा शेवटी तुझ्या वहिनीने पक्कड लावून काढला. सैल प्लग असतो का एखादा, चिमटीत धरून ओढला की सुटणारा?

मोठी मोटर नको. आहे ती पुरे.

अक्षर खराब आलंय, समजून घे. पेन नवीन आहे.

दादा

२ एप्रिल

तीर्थरूप दादास सा. न.

स्प्रिंग काढून टाकू नकोस. काढलीस तर बोट उचलल्यावर ट्रिगर जागेवर येणार नाही आणि गाडी थेट पुढच्या गावाला जाईल. हलकी पाठवतोय. प्लगही वेगळ्या जातीचे पाठवतोय, ते सहज सुटतात. पण खरं सांग, ताकद गेली की काय तुझी? लहानपणी माझी मान काखेत धरायचास तेव्हा दोन माणसं लागायची सोडवायला. वहिनीला म्हणावं, यांना जरा नीट खाऊ-पिऊ घाला.

थट्टा बाजूला ठेवतो. दादा, तू माझ्यावर रागावला आहेस का? पत्रं चार ओळींची, फोन नाही, आणि नव्या मोटरची एवढी हौस होती तुला, ती आता नको म्हणतोस. मी आठवून आठवून थकलो, माझं काय चुकलं ते सापडत नाही. काही असेल तर सरळ शिव्या घाल. आई गेल्यापासून मला रागावायला तूच उरला आहेस. तेवढं तरी कर.

बारक्या

१४ एप्रिल

प्रिय भाऊजी,

हे पत्र मी त्यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं शेवटचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि घडी करून उशीखाली ठेवलं. तेव्हाच ठरवलं, आता गप्प बसायचं नाही.

ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. त्यांना बोलता येत नाही.

दिवाळखोर माणूस जसा बाहेर ताठ चालतो तसं आम्ही दोघं गेले कित्येक महिने चाललोय. सुरुवात स्थानकावर झाली. एक दिवस घोषणा करताना जीभ अडखळली. मग रोजच अडखळायला लागली. शब्द तोंडातच चिकटायचे. एका प्रवाशाने तक्रार केली की घोषणा करणारा माणूस पिऊन येतो. तुमच्या दादाने आयुष्यात थेंब घेतला नाही, तुम्हाला माहीत आहे. साहेबांनी बोलावलं. हे म्हणाले, "साहेब, मी प्यायलेलो नाही." पण ते वाक्यच असं आलं की साहेबांनी मान खाली घातली. त्या आठवड्यात यांना पार्सलच्या खिडकीवर बसवलं. घरी येऊन त्यांनी डबा धुऊन पालथा घातला, गाडी काढली आणि चाकं पुसत बसले. मला कळलं ते चार दिवसांनी, शेजारच्यांकडून.

डॉक्टर म्हणतात, स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्यात. आधी जीभ, आता हात. उजव्या हाताची बोटं उघडत नाहीत आणि डाव्याला जोर नाही. यावर औषध आहे का, असं मी विचारलं. डॉक्टर बाई चांगल्या आहेत. त्यांनी माझा हात धरला आणि "नाही" म्हणाल्या.

तुम्हाला कळवायचं नाही, असा त्यांचा हट्ट. मी विचारलं, का? तेव्हा थोडं बोलता येत होतं. म्हणाले, "बारक्याच्या कानात माझा आवाज आहे तसा राहू दे."

दातेरी चक्र त्यासाठी होतं, भाऊजी. ट्रिगर सोडायला बोट वेळेवर उठत नाही, म्हणून गाडी आदळायची. तरी रोज संध्याकाळी आवारात जायचंच. पार्सलच्या खिडकीत दिवसभर मान खाली असते, ती फक्त तिथे वर होते. बॅटरी मी लावते, प्लग मी काढते, गाडी उलटली की सरळ मी करते. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता कुठल्या सेलमध्ये किती व्होल्ट भरले ते स्वयंपाक करता करता सांगते.

तुम्ही या. पण आल्यावर त्यांना बोलायला लावू नका. आणि मी लिहिलं हे सांगू नका, निदान लगेच तरी.

तुमची,
वहिनी

२५ एप्रिल

तीर्थरूप दादास सा. न.

सोबत एक वेगळाच रिमोट पाठवतोय. दुकानात एका गिऱ्हाइकाने परत केला. त्याला ट्रिगर नाही, त्याच्याऐवजी रुंद पट्टी आहे. ती तळहाताने पुढे ढकलली तरी चालते, बोटं लागत नाहीत. चाक वळवायलाही मोठी गोल तबकडी आहे, नुसता हात ठेवून फिरवता येते. मांडीवर ठेवून चालवायचा असतो. खाली रबर लावलंय, घसरणार नाही. पडून राहिला असता, म्हटलं दादाला गंमत वाटेल.

मोटरच्या पेटीतही बदल करता येतो. एक छोटी क्लिप सरकवली की गाडी निम्म्याच जोराने पळते, पट्टी पूर्ण ढकलली तरी. कुठली क्लिप ते चित्रात लाल पेनाने दाखवलंय. वहिनीला सांग, त्यांचे हात सुईचे आहेत.

वेगाचं मी जे लिहिलं होतं ते सोड. हळू गाडी चालवायलाच जास्त कौशल्य लागतं, असं आमच्या मालकांचंही मत आहे.

मे महिन्यात मला सुटी मिळते आहे. येऊ का? सहजच. इकडे कंटाळा आलाय.

बारक्या

६ मे

बारक्या,

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, शब्द माझे. मी मोबाइलवर एकेक अक्षर टिपतो, ती उतरवते. ती मधेमधे शहाणपणा घालते, तो मी खोडायला लावतो.

गिऱ्हाइकाने परत केलेल्या रिमोटला तुझ्या हाताचे डाग आहेत. डिंक पुसायची अक्कल तुला लहानपणापासून नाही. वहिनीने तुला सांगितलं, हे मला रिमोट पाहताच कळलं. तिला मी रागावलो नाही. रागावायला फार अक्षरं लागतात.

पट्टी उत्तम चालते.

ये. रडायचं असेल तर घरी यायच्या आधी रडून घे. आणि येताना तुझ्या मालकांना सांग, त्यांचं असं काही मत असेल असं मला वाटत नाही.

दादा

११ जून

तीर्थरूप दादा आणि वहिनी यांस सा. न.

परवा पोहोचलो. दुकान उघडलं, माल लावला, आणि दिवसभर कुठल्याच गिऱ्हाइकाचं बोलणं डोक्यात शिरलं नाही.

दादा, तुझं ऐकून मी खरंच स्टँडवर रडून घेतलं होतं. तिथे आता मशीनमधला आवाज आहे, एका बाईचा. स्वच्छ बोलते. पण लोक फलाट चुकतातच आणि चुकले की तिला उलट काही विचारता येत नाही. तू खिडकीतून हात करून सांगायचास, "अहो काका, ती नव्हे, पलीकडची." मी त्या बाकावर बराच वेळ बसलो, मग तोंड धुतलं आणि आलो. तरी तू दारात खुर्चीवर बसलेला दिसलास आणि मला पुढचं पाऊल टाकवेना. तेवढ्यात तू माझ्या पोटाकडे बघितलंस, आणि भुवई वर केलीस. एवढ्या भाषेत तू मला माझं वजन सांगितलंस.

मला ती शेवटची संध्याकाळ विसरता येत नाही. तुझा तळहात तबकडीवर, पट्टी वहिनीच्या हातात, आणि मी मागे धावणारा हमाल. तू वळवायचं आणि वहिनीने जोर द्यायचा, असं ठरलं होतं. वहिनीने क्लिप पुन्हा पूर्ण जोरावर सरकवली आहे हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं. गाडी सुटली ती उभ्या बसच्या खालून आरपार गेली आणि पलीकडे चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरच्या चपला घेऊन थांबली. वहिनी म्हणाली, "मला एकदा बघायचंच होतं, ही किती पळते ते."

आणि तू हसलास, दादा. मला वाटलं होतं, बोलणं गेलं म्हणजे सगळंच गेलं असेल. पण हसू तेच आहे. घशातून सुरू होऊन खांद्यापर्यंत जाणारं, श्वास अडकेपर्यंत. मी चपला परत द्यायला गेलो तो त्या बसच्या आडच उभा राहिलो थोडा वेळ. तू विचारलं नाहीस, पण तुला कळलं असणार.

माझ्या कानात आता तेही आहे.

दिवाणाजवळ उशाला घंटीचं बटण लावलंय, ते गालाने दाबता येतं का, लिहा. थंडी पडायच्या आत पुन्हा येतो.

बारक्या

२८ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

तुम्ही येऊन गेलात, सगळं केलंत. पण तेव्हा घरात इतकी माणसं होती की आपलं बोलणं झालं नाही. आता सगळे आपापल्या घरी गेले. लोक म्हणतात, सुटले बिचारे. मी मान हलवते. मला मात्र कुणी विचारलं नाही की मी सुटले का.

काल मी मशीनवर बसले. एक परकर शिवायला घेतला, टीप वाकडी गेली, ठेवून दिला. मग म्हटलं, त्यांचा कोपरा तरी आवरू. गाडी पुसली. चार्जर पुसला. बॅटरीचा डबा उघडला तर एक बॅटरी फुगलेली. पोळीसारखी नाही, पण चपटी होती ती आता कुशीतून गोल झाली आहे. मी डबा तसाच बंद केला.

ती बॅटरी कुठली ते तुम्हाला सांगते. शेवटचे दहा-बारा दिवस पाऊस लागला होता, आवारात जाता आलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी उघडलं. त्यांचा हात तोवर अगदीच गेला होता. मी मोबाइलवर अक्षरांवरून बोट फिरवायचे आणि हवं ते अक्षर आलं की ते डोळे मिटायचे. त्यांनी सांगितलं, "चार्ज कर. उद्या जाऊ." मी म्हटलं, "उद्याचं उद्या बघू, सकाळी लावते की." तर पुन्हा डोळे मिटून मिटून, "आत्ता." एवढा हट्ट. मग लावली, समोर बसले, पूर्ण भरली तेव्हा त्यांना दाखवली. बघून त्यांचं समाधान झालं. पहाटे श्वास लागला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दवाखान्यात तिची आठवण कुणाला येणार? ती तशीच राहिली.

मला असं विचारायचंय, भाऊजी, ती अजून भरलेलीच आहे का? एवढे दिवस झाले तरी? आणि तशी असेल तर फेकून कशी द्यायची? मला ती फेकवत नाही. आणि घरात असली की तिकडे पाठ करून झोपवतही नाही.

वहिनी

५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

आधी कामाचं. ती बॅटरी आजच घराबाहेर काढा. पत्र्याच्या बादलीत वाळू घाला, तिच्यात ठेवा आणि बादली अंगणात, भिंतीपासून लांब. दाबू नका, टोचू नका, चार्जरला लावू नका. गाडीत लावून संपवावी असं मनात येईल, तेही नको, फुगलेली बॅटरी जोर दिला की तापते. हात लावून गरम वाटली किंवा आणखी फुगली असेल, तर काहीच करू नका, मला फोन करा.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर, हो, ती भरलेलीच आहे. या बॅटऱ्या आपोआप फारशा उतरत नाहीत. म्हणून तर फुगली. वापरायची नसेल तेव्हा अर्धी रिकामी करून ठेवायची असते. दादाला हे पक्कं ठाऊक होतं. पण ज्याला उद्या गाडी चालवायची आहे तो अर्धी कशाला करेल?

भरलेली असताना टाकायची नसते. आधी हळूहळू उतरवावी लागते. मोटारीच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी आणि आपला तो सैल प्लग जोडून घ्या. डेपोतल्या इलेक्ट्रिशियनला सांगितलंत तर तो डाग देऊन जोडून देईल. बादली उघड्यावर ठेवूनच जोडा, बल्ब बाहेर लोंबू द्या आणि चार हात लांब बसा. दोन-तीन तास लागतील. बल्ब मंद होत होत विझेल. विझल्यावरही तसाच जोडलेला राहू दे एक दिवस. मग ती बॅटरी निव्वळ एक पुडकं असते. तेव्हा जुन्या बॅटऱ्या गोळा करतात तिथे द्यायची.

एकटीने करवणार नसेल तर लिहा, मी येतो. वाळूत ती महिनाभर थांबेल.

दुसरं काय लिहावं ते सुचत नाही. इतक्या वेळा कागद फाडला. दुकानात कुणी वेगाचं विचारलं की मी माल काढायला आत जातो.

बारक्या

१९ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

तुम्हाला बोलवायचं मनात होतं, पण मग वाटलं, ती त्यांनी मला भरायला सांगितली होती, तेव्हा रिकामीही मीच करावी.

इलेक्ट्रिशियन भाऊंनी बल्ब जोडून दिला. काय करायचंय ते त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "ताई, मी करतो, तुम्ही आत बसा." मी नको म्हटलं. ते फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहिले, गेले नाहीत.

जेवण उरकून दुपारी बसले. प्लग जोडला, पण बल्ब लागलाय की नाही तेच कळेना, ऊन इतकं होतं. मग बादली पेरूच्या झाडाखाली सरकवली आणि थोडी लांबूनच सुपाची सावली धरली, तेव्हा दिसला. पिवळा, मंद, पण स्थिर. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "भर दुपारी दिवा लावलाय?" मी म्हटलं, "ह्यांचं थोडं काम राहिलं होतं." थोड्या वेळाने त्यांनी स्वतःचा पाट आणला आणि कुंपणाच्या त्या बाजूला शेंगा सोलत बसल्या.

भाऊजी, मला वाटलं होतं मी रडेन. त्यांच्या उद्याचा थेंब न् थेंब समोर जळत होता आणि मी नुसती बघत होते. रडू आलं नाही. मधे एकदा उठून पाणी प्यावंसं वाटलं, पण चार्जिंग चालू असताना ते कधी जागचे हलत नसत, म्हणून मीही नाही उठले.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा बल्ब तांबडा झाला. मग त्याच्यातली नुसती तार दिसायला लागली, उदबत्तीचं टोक दिसतं तेवढी. मी सूप बाजूला ठेवलं, आता सावलीची गरज नव्हती. नंतर ती तारही दिसेना. खरंच विझला की माझ्या डोळ्यांना दिसत नाही ते कळेना, म्हणून मी काचेला हात लावला. कोमट होती.

ती गार होईपर्यंत हात तसाच ठेवला. मग काकूंना म्हटलं, झालं, आणि उठले.

तुमची,
वहिनी